‘ब्रिमफुल ऑफ आशा’मध्ये आशाताई नक्की आहेत कुठे?

गच्चीवरचा_स्पीकर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:४२

मंडळी, घरातलं एक भांडण मिटवायचं आहे. पैज लागली आहे आणि पैजेवर खरवस आहे, तेव्हा विषय गंभीर आहे.

पुढच्या महिन्यात भाचीची हळद. गिरगावात, आमच्याच चाळीच्या चौकात. स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि वायरींचं गाठोडं बाळगणारा घरात मी एकटाच, त्यामुळे गाण्यांची यादी माझ्या गळ्यात पडली. यादीत मी कॉर्नरशॉप ह्या ब्रिटिश बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ घातलं, अर्थात नॉर्मन कुक ह्या डीजेचा रीमिक्स. घरात वाजवून बघत होतो तर धाकटी मावशी (वय ७१, दोन्ही गुडघे नवे) म्हणाली, “हां, तेच ना हे, ज्यात मध्येच आशा गाते?”

म्हटलं, मावशी, हे आशावरचं गाणं आहे, आशाचं नाही. मावशी ऐकायला तयार नाही. “मी नाचलेय ह्याच्यावर. दादरच्या हॉलमध्ये, थोरल्या मामाच्या मुलाच्या लग्नात. नव्याण्णव साल. आधी हा बाबा इंग्रजीत गातो, मग ढिंच्याक ढिंच्याक, आणि मग आशा येते. आवाज जरा लहान मुलीसारखा येत होता, पण आशाच. मला आशाचा आवाज कळत नाही होय रे?”

हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो. मावशीच्या लग्नाआधीच्या आठवणी विविध भारतीच्या वेळापत्रकाप्रमाणे लावलेल्या आहेत.

माझी ह्या गाण्याची आठवण वेगळी. १९९८, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, दुपारची वेळ, टीव्हीवर हे लागलेलं. आई आत ओट्याशी. गाण्यात स्वच्छ “आशा भोसले” ऐकू आलं आणि आई अर्धा सोललेला बटाटा हातात घेऊन बाहेर. “इंग्रजांना आशा कुठून ठाऊक?” मी सांगितलं, गाणारा पंजाबी आहे, तिकडेच वाढलेला. “मग ठीक आहे,” म्हणून आई आत. तेवढ्यात लता आणि रफीचंही नाव आलं, ते तिने आतूनच ऐकलं आणि म्हणाली, “किशोर राहिला.”

तर प्रश्न दोन. आशाताईंचा आवाज असलेला ह्या गाण्याचा एखादा रीमिक्स खरंच आहे का? आणि हळदीला मूळ गाणं लावू की रीमिक्स?


पांढरी_चार | रविवार, सकाळी ७:१५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मूळ गाण्यात नाही, कुकच्या रीमिक्समध्ये नाही. गाणं भरून वाहतंय आशाताईंच्या नावाने, आणि आवाजाचा एक थेंब नाही. मला तर वाटतं तीच त्याची गंमत आहे.

दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, रविवार आहे.

मूळ गाणं तीन कॉर्डवर चालतं. पेटी शिकणाऱ्या पोरालाही आठवड्यात बसेल. चाल निवांत, गिटार जरा आळसावलेली, गाणारा खुर्चीत रेलून गातोय असं वाटतं. दुपारी रेडिओ लावून पडलेला माणूस जसा गुणगुणेल तसं. पाच मिनिटांहून लांब आहे आणि कुठे पोचायची घाई नाही. नॉर्मन कुकने काय केलं, तर गाण्याचा वेग वाढवला, वेगाबरोबर पट्टी चढवली, खाली दणकट ड्रम घातले आणि त्या गिटारच्या तुकड्याला नाचायला लावलं. गायक तोच, शब्द तेच, पण माणूस खुर्चीतून उठला.

पट्टीचं गणित सोपं आहे. ध्वनिमुद्रण साधं पळवलं तर साधारण ६ टक्के वेगामागे आवाज एक पट्टी वर जातो. पेटीवर पांढरी एकचा काळी एकला. आमच्या घरी जुना प्लेयर होता, १६, ३३, ४५, ७८ असे चार वेग. ३३ची एलपी आम्ही भावंडं मुद्दाम ४५वर लावायचो. वेग १.३५ पट, म्हणजे आवाज पाच पट्ट्यांहून थोडा जास्त वर. पांढरी एकचे बुवा पांढरी चारच्याही पुढे. भजन म्हणणारे बुवा चिमणीसारखे चिवचिवायचे आणि आजोबा काठी घेऊन यायचे.

म्हणून मावशींचं “लहान मुलीसारखा” हे वाक्य मला सोडवत नाहीये. हे बनवून सांगितल्यासारखं नाही. कोणीतरी आशाताईंना पळवलंय.


कडू_कारलं | रविवार, सकाळी ९:०३

कोळीगीतं संपली का? बँजो पार्टी संपावर आहे का? हळदीला इंग्रजी गाणं, त्यावर आणि संशोधन. चालू द्या.


गच्चीवरचा_स्पीकर | रविवार, सकाळी ९:२०

@कडू_कारलं, कोळीगीतं यादीत पहिली अकरा आहेत. तुम्हीही या, चौकात जागा आहे. हलकेच घ्या.

@पांढरी_चार, दंडवत. “आशाताईंना पळवलंय” हे मावशीला वाचून दाखवलं तर ती पोलिसात जाईल.


मुपो_लेस्टर | रविवार, दुपारी १:४८

धागा बघून राहवलं नाही. मी लेस्टरला एकोणीस वर्षं आहे. हा बँड इथलाच म्हणायचा, १९९१ मध्ये इथे सुरू झाला. तजिंदर सिंग आणि बेन एअर्स ही त्यातली टिकलेली जोडी. कॉर्नरशॉप हे नावच टोमणा आहे. इथे आपल्याकडचा माणूस दिसला की तो कोपऱ्यावरचं किराणा दुकान चालवत असणार असं गोऱ्यांनी धरून चालायचं. यांनी तेच नाव पाटीवर लावलं. भांडखोर मंडळी होती. १९९२ मध्ये मॉरिसी ह्या इंग्रज गायकाच्या झेंड्याबिंड्याच्या नखऱ्यांवरून चिडून त्याचं पोस्टर रेकॉर्ड कंपनीच्या दारात जाळलं होतं.

गाण्याचा प्रवास असा. ऑगस्ट १९९७ मध्ये एकल (सिंगल) म्हणून आलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ६०व्या क्रमांकापर्यंत पोचून खाली आलं. जॉन पील हा बीबीसीचा फार मानला जाणारा निवेदक, त्याच्या श्रोत्यांनी मात्र १९९७च्या वार्षिक यादीत ह्याच गाण्याला पहिलं निवडलं. म्हणजे कान असलेल्यांना मूळ गाणंच आधी कळलं होतं, हे लक्षात ठेवा. मग कुकचा रीमिक्स आला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये थेट पहिला क्रमांक. एकच आठवडा. पण तो आठवडा बघा: आधी सेलीन डिऑनचं ‘टायटॅनिक’मधलं गाणं, नंतर मॅडोना, आणि मधल्या फटीत आपल्या आशाताईंचं नाव. त्या आठवड्यात इंग्लंडातला दूधवाला, पोस्टमन, शाळेतली पोरं, सगळे आशा भोसले म्हणत होते. उच्चार विचारू नका.

नॉर्मन कुक म्हणजेच फॅटबॉय स्लिम, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. ब्रायटनचा. आधी हाउसमार्टिन्समध्ये बास वाजवायचा. १९९८ हे त्याचं वर्ष होतं, त्याचा स्वतःचा गाजलेला अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरात आला.


मोरपीस | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळे ढोलाबद्दल बोलताय, शब्दांबद्दल कोणीच नाही. मी रुईयाला असताना हे गाणं वहीत उतरवून घेतलं होतं. निम्मं चुकीचं, पण घेतलं होतं.

नावातच श्लेष आहे, जो इंग्रजांना कळलाच नसणार. काठोकाठ भरलेली आशा. आशा ही गायिका आणि आशा ही आपण लावून बसतो तीही. आणि गाण्यात सारखं येणारं “फॉर्टी-फाइव्ह” म्हणजे ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. आपल्याकडे एचएमव्हीच्या सिनेमाच्या ईपी यायच्या, दोन्ही बाजूंना मिळून बहुधा चार गाणी. आमच्याकडे अजून सत्तावीस आहेत, प्लेयर नाही.

गाण्यात तो तिला पंजाबीत आपली राणी म्हणतो. पडद्यामागे राहून स्वप्नं जिवंत ठेवणारी बाई, हे त्याने पकडलंय. पार्श्वगायनावर इतकं प्रेमाने लिहिलेलं गाणं मला आपल्याकडच्या भाषांतही पटकन आठवत नाही. पडद्यावर नाचते एक, गळा दुसरीचा. तिकडच्या लोकांना हा प्रकार फसवणूक वाटतो, आपल्याला तो घरचा. ज्या कडव्याची लोक टर उडवतात, ते ‘प्रत्येकाला उशीला छाती हवी’ म्हणणारं, तेही मला कधी वावगं वाटलं नाही. दमून आलेल्या माणसाला डोकं टेकायला कोणीतरी लागतं, आणि ज्यांना कोणी नसतं त्यांना सिनेमाचं गाणं असतं. सरकार, साधं राहणीमान, धरणं, ह्यांवरही मध्ये एक तिरकस ओळ आहे.

आता माझी तक्रार. रीमिक्स लागला की ह्यातलं काहीही कुणाच्या कानात शिरत नाही. लोक फक्त उशीची ओळ ओरडतात. कुकसाहेबांनी गाणं जगभर पोचवलं आणि पोचवताना रिकामं केलं असं माझं मत आहे. हळदीला मूळ लाव रे.


झोपमोड_२००३ | रविवार, रात्री १२:०५

मोरपीसताई, प्रचंड असहमत.

मी मूळ गाणं पहिल्यांदा ऐकलं ते रीमिक्स आवडल्यावर शोधलं म्हणून. माझ्यासारखे किती असतील. रीमिक्स हा दरवाजा आहे, आत जाऊन पाट मांडून बसायचं की उंबऱ्यावर नाचायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि रिकामं कसं? आवाज त्याचाच, शब्द त्याचेच. नव्वदीत हे सतत झालंय. ‘मिसिंग’ हे एव्हरिथिंग बट द गर्लचं उदास गाणं टॉड टेरीच्या रीमिक्सने क्लबात नेलं. टोरी एमॉसच्या गाण्याचा आर्मंड व्हॅन हेल्डनचा रीमिक्स जानेवारी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला आला, त्यात तर मूळ गाण्याचं नखभरच उरलंय. तुमच्या आशाच्या गाण्यानंतर महिन्याभरातच रन-डीएमसीच्या जुन्या गाण्याचा जेसन नेव्हिन्सचा रीमिक्स पहिला येऊन सहा आठवडे बसला. त्या मानाने कुकने फार सभ्यपणे काम केलंय. मूळ गाण्यात नाच होताच, त्याने फक्त रेग्युलेटर फिरवला.

मूळ एकलवर सोफा सर्फर्स ह्या व्हिएन्नाच्या मंडळींचाही एक रीमिक्स होता, धुरकट, संथ, रात्री दोनचा. त्याचं नाव गाण्यातल्याच सॉलिड स्टेट रेडिओवरून घेतलंय. तो ऐका, मग कळेल की रीमिक्स म्हणजे फक्त ढिंच्याक नव्हे. मात्र हळदीला लावू नका, लोक घरी जातील.


मोरपीस | सोमवार, सकाळी १०:११

रेग्युलेटरची उपमा मान्य. पाच नंबरवर पंखा फिरतो तेव्हा वारा लागतो, पण पाती दिसत नाहीत.


कलम_कसाई | सोमवार, सकाळी ११:३७

मोरपीस विरुद्ध झोपमोड सामन्यात एक मुद्दा राहतोय. आपण इथे ज्याला रीमिक्स म्हणायचो ते मुळात रीमिक्स नव्हतंच.

तिकडच्या रीमिक्समध्ये आवाज तोच राहतो, बाकी बदलतं. आपल्याकडे २००० नंतर जी लाट आली तिच्यात चाल तीच, आवाज नवा. ‘कांटा लगा’ आठवा. १९७२च्या ‘समाधी’तलं राहुलदेव बर्मनचं गाणं, लताबाईंचा आवाज. २००२च्या व्हिडिओत आवाज दुसऱ्या गायिकेचा. कारण कायद्यात होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(जे)खाली, मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की, सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं नव्याने गाऊन घेता यायचं. पण मूळ तबकडीवरचा आवाज उचलायचा तर कंपनीची परवानगी हवी. मग स्वस्त काय पडणार? नवी गायिका. लोक म्हणाले गाण्याची विटंबना झाली. माझ्या मते खरी गंमत ही की गायिका अलगद काढून टाकली गेली आणि कुणी त्याबद्दल ओरडलंच नाही, सगळे कपड्यांबद्दल ओरडले.

२०१२च्या दुरुस्तीत ते उपकलम गेलं आणि ३१सी आलं. आता पाच वर्षं थांबायचं, आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. लाट तोवर ओसरलीच होती म्हणा.

आशाताईंनी मात्र हे सगळं आधीच ओळखलं होतं. १९९६चा लेस्ली लुईसबरोबरचा ‘राहुल अँड आय’ आठवा. पंचमची गाणी, नवे ताल, आणि आवाज स्वतःचाच. दुसरं कोणी पळवण्याआधी आपणच पळवावं.


कडू_कारलं | सोमवार, दुपारी १२:१५

आता वकील पण आले. खरवस थंड होतोय.


पांढरी_चार | सोमवार, दुपारी १२:४०

@कडू_कारलं, खरवस थंडच खातात.


डेकवाला_दादा | सोमवार, रात्री १०:५६

मोबाईलवरून टंकतोय, चुका सांभाळून घ्या.

मी १९९६ ते २००८ लग्नात सिस्टिम आणि डीजे दोन्ही करायचो. दादर, परळ, मुलुंड, कधी कधी थेट वसई. मावशी खोटं बोलत नाहीत.

तेव्हा आमच्याकडे टेक्निक्सची टर्नटेबलं वगैरे नव्हती, ती हॉटेलांत. आमच्याकडे डबल सीडी प्लेयर, मिक्सर आणि अडीअडचणीला दोन कॅसेट डेक. लॅमिंग्टन रोडवरून जुळवलेला संसार. कुकच्या रीमिक्समध्ये अशा जागा आहेत जिथे गाणारा थांबतो आणि नुसता ड्रम न् गिटार फिरत राहते. लग्नातल्या डीजेला अशी जागा म्हणजे रिकामा प्लॉट. इंग्रजी गाणं लागलं की तरुण पोरं नाचणार आणि बायका खुर्च्यांवर जाऊन बसणार, हे ठरलेलं. बायका बसल्या की संपलं, मग आहेराचं बोलणं सुरू. म्हणून त्या मोकळ्या जागेत दुसऱ्या प्लेयरवरून आशाताई सोडायच्या. नाव आलंच आहे गाण्यात, मग माणूस पण आणायचा. ही काय माझी अक्कल नाही, तेव्हा अर्धी मुंबई हेच करायची.

माझं ठरलेलं ‘पिया तू अब तो आजा’. फक्त मुखडा. हेलनबाईंचं. सगळ्या वयाच्या बायका उठायच्या, आणि काही म्हाताऱ्यांना तर त्या गाण्यातले श्वास पण पाठ असायचे.

आता आवाज बारीक का झाला. ताल जुळवायला गाणं पळवावं लागायचं. आमच्या प्लेयरवर पिच्चरची पट्टी ८ टक्के वर, ८ टक्के खाली. (पिचची. पिच्चर नाही. हा कीबोर्ड.) ते वर ढकललं की वेग आणि पट्टी दोन्ही एकदम चढायचं. वेग वाढवून पट्टी जागेवर ठेवायची सोय त्या स्वस्तातल्या मशीनवर नव्हती. त्यामुळे आशाताई जरा लहान वयाच्या व्हायच्या.

त्या लग्नात मीच होतो का ते सांगता येणार नाही. वर्षाला ऐंशी-नव्वद लग्नं करायचो, नवरा-नवरीचे चेहरेच लक्षात नाहीत.


पांढरी_चार | सोमवार, रात्री ११:०२

दादा, साष्टांग. ८ टक्के म्हणजे सव्वा पट्टीच्या जरा वर. आशाताईंच्या गळ्याला सव्वा पट्टी वर चढवलं तर बरोबर “लहान मुलीसारखा” येणार. मावशींनी पंचवीस वर्षांपूर्वीची सव्वा पट्टी कानात जपून ठेवलीय. त्यांच्या गुडघ्यांपेक्षा कानांचा विमा काढा.


गच्चीवरचा_स्पीकर | सोमवार, रात्री ११:३०

अंगावर काटा आला. मावशीला आत्ताच फोन केला, झोपली होती, तरी केला. विचारलं, मध्ये आशाचं कोणतं गाणं होतं? गाण्याचं नाव घेईना. “ते... हेलनचं. श्वासाश्वासाचं.” आणि हसत सुटली. मागून काकांचा आवाज, “कोण आहे एवढ्या रात्री?”


मुपो_लेस्टर | मंगळवार, पहाटे २:१४

अवांतर: आशाताई आणि विलायती नाचगाणी हे प्रकरण ह्या गाण्याच्याही आधीचं आहे. १९९१चं बॉय जॉर्जचं ‘बाउ डाउन मिस्टर’ ऐका, त्यात त्या खरोखर गातात. आणि २००५ मध्ये ब्लॅक आइड पीजच्या गाण्यात ‘ये मेरा दिल’ होतं, १९७८च्या ‘डॉन’मधलं. म्हणजे ज्या गाण्यांत त्या आहेत तिथे त्यांचं नाव लोकांना ठाऊक नाही, आणि ज्यात नाव आहे तिथे त्या नाहीत.

अतिअवांतर: चरणजित सिंग ह्यांचा १९८२चा अल्बम इथल्या कुणी ऐकलाय का? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारा मुंबईचा माणूस. रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही बास आणि ड्रमची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणली आणि त्यावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. भैरव, ललित, सगळं. शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३मधून ॲसिड हाउस हा क्लबातल्या नाचसंगीताचा प्रकार काढला, तो त्यानंतर काही वर्षांनी. सिंगांच्या अल्बमकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१०मध्ये पुन्हा निघाला तेव्हा युरोपातले डीजे वेडे झाले. २०१५मध्ये ते मुंबईतच गेले.


मोरपीस | मंगळवार, सकाळी ९:४०

ऐकलाय. स्वतंत्र धागा काढा, इथे वाया जाईल.

डेकवाला_दादा, तुमचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं. कुकने जे केलं त्यापेक्षा तुम्ही जे केलंत ते मला जास्त आवडलं. गाण्यातली रिकामी खुर्ची तुम्ही भरलीत.


झोपमोड_२००३ | मंगळवार, सकाळी ११:२२

मी करून देतो की! लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम आहे. आता आवाज वेगळा काढता येतो, पट्टी न चढवता वेग जुळवता येतो. एकदम स्वच्छ. आशाताई त्यांच्याच वयाच्या राहतील. ऑनलाइन टाकू का?


कलम_कसाई | मंगळवार, सकाळी ११:३१

टाकू नकोस. दोन कंपन्यांची दोन ध्वनिमुद्रणं, परवानगी एकाचीही नाही. चौकात वाजवायला हरकत नाही. लग्न आणि लग्नाशी निगडित समारंभात गाणं वाजवणं हे उल्लंघन नाही, कलम ५२(१)(झेडए)चं स्पष्टीकरण वाच. हळद त्यात बसते असं मी चौकात उभं राहून सांगायला तयार आहे, जेवण असेल तर.


डेकवाला_दादा | मंगळवार, दुपारी ४:१८

बाळा, पट्टी जागेवर ठेवू नकोस. ८ टक्के चढव. मावशींना तीच आशा ऐकायचीय.


गच्चीवरचा_स्पीकर | एकोणीस दिवसांनंतर, रविवार, दुपारी ३:०५

वृत्तांत देतो, उशिराबद्दल क्षमस्व. अजून वायरी गुंडाळतोय.

झोपमोडने फाइल पाठवली होती, दादांनी सांगितल्याप्रमाणे चढवलेली. पावणेनऊला लावली. आधी कोळीगीतांवर सगळे दमलेले, त्यामुळे इंग्रजी लागल्यावर ठरल्याप्रमाणे बायका खुर्च्यांकडे निघाल्या. तरुण मंडळी उशीची ओळ ओरडून झाली. मग ड्रमवर आशा आली. मावशी खुर्चीपर्यंत पोचली होती, बसली नव्हती. तशीच वळली. नवे गुडघे, हळदीचे हात, पदर खोचलेला. आई तिच्यामागे. भाचीने व्हिडिओ काढलाय, तो इथे टाकणार नाही, मला घरी राहायचं आहे.

दहाला दोन मिनिटं असताना समोरच्या सोसायटीचे सचिव गॅलरीत येऊन नुसते घड्याळाकडे बघत उभे राहिले. आवाज बंद केला. दहानंतर नियमाने चालत नाही, आणि मला गणपतीत परत त्यांचीच वीज लागते.

मग जेवणं उरकल्यावर, भांडी आवरताना, लहान ब्लूटूथ स्पीकरवर मूळ गाणं लावलं. मोरपीसताई, तुमच्यासाठी. अगदी हळू. चौघी-पाचजणी पातेली पुसत होत्या, कोणी नाचलं नाही, कोणी बंद करही म्हणालं नाही. त्या संथ चालीवर पुसणं बरोबर बसत होतं. मी मावशीला सगळं समजावून सांगितलं: हे मूळ, संध्याकाळचं ते त्या गोऱ्याने पळवलेलं, आणि त्यावर आशा त्या लग्नातल्या डीजेने घातलेली, गोऱ्याने नव्हे.

मावशीने पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, “म्हणजे मुख्य काम आपल्या दादरच्या पोरानेच केलं.”


डेकवाला_दादा | रविवार, दुपारी ३:४१

मावशींना नमस्कार सांगा. आणि तेव्हा मी परळला राहायचो.


कडू_कारलं | रविवार, दुपारी ४:०२

ते सगळं ठीक. खरवस कोणी आणला?


गच्चीवरचा_स्पीकर | रविवार, दुपारी ४:१०

मीच. गुळाचा. मावशी म्हणाली वेलची कमी आहे.